पुलावरचे एक्केचाळीस

३ जुलै

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

सार्वजनिक कामांचं लाभ-खर्च विश्लेषण हा आमचा नवा विषय. पूल बांधावा की नाही, दवाखाना चालू ठेवावा की नाही, हे म्हणे आता आकड्यांनी ठरवायचं. सरांकडे रेल्वेच्या कचेरीतून खरंच एक काम आलंय आणि त्यात आपल्या घरासमोरचा, रुळांवरचा लोखंडी पूल आहे! दुरुस्त करायचा की पाडायचा? मी लगेच हात वर केला.

पूल नसला तर रेल्वे फाटकावरून जायला अर्ध्या तासाचा वळसा पडतो. तेवढा वाचणारा वेळ गुणिले माणसं, हा पुलाचा लाभ. तर तीन दिवस खिडकीत बसून पुलावरून जाणारे मोज, परतणारे नकोत. नीट मोज, नाहीतर तुझी लेक नापास.

माया आहे तेवढी राहू दे.
तुझी ठकी

१४ जुलै

चि. ठकीस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या कॉलेजने मला बिनपगारी कारकून केलं. वाटाणे सोलत बसते, एक जण गेला की एक टरफल बाजूला. शेजारच्या शिवणकाकूंना सांगितलं, तर त्यांना अर्धंच ऐकू आलं. पूल रंगवणार म्हणून गल्लीभर सांगून आल्या! मशीन चालवून बाईंचे कान गेलेत, गुडघेही कुरकुरतात, पण कपडे पोचवायला रोज पूल चढतातच.

दिवसाला एक्केचाळीस धर. तिन्ही दिवस थोडंफार तेवढेच झाले. जेवणाची हेळसांड करू नकोस.

आशीर्वाद आहेतच.
आई

२ सप्टेंबर

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

अहवाल गेला. मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले, पण पेढा मागावासा वाटत नाही. एक्केचाळिसांत दुरुस्तीचा खर्च निघत नाही. साठ असते तरी पूल वाचला असता. सर म्हणाले, आकड्यापुढे हळवं व्हायचं नाही. पूल पाडणार आहेत.

रागावू नकोस, एवढंच मागते.
ठकी

१९ नोव्हेंबर

चि. ठकीस, अनेक आशीर्वाद.

काल पुलाचा शेवटचा तुकडाही नेला. समोर नुसतं आभाळ दिसतं. साठ हवे होते, हे आधी का नाही बोललीस? मी कामावर जाणारे तेवढेच मोजले. त्यांचा अर्धा तास म्हणजे खरा वेळ. पोरांना शाळेत सोडणाऱ्या बायका, दवाखान्यात जाणारे म्हातारे, दूध आणणारी मी, आमच्या वेळेला कोण विचारतं? आम्ही काय, वळसा घालू, असं वाटलं. पण आता वळसा कुणीच घालत नाही. सगळे रुळांवरूनच जातात.

काळजी घे.
आई

२५ नोव्हेंबर

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

चूक माझी आहे. मी स्वतः दहा वर्षं तुझं बोट धरून त्याच पुलावरून शाळेत गेले, आणि एक्केचाळीस वाचून मला शंकासुद्धा आली नाही. सरांकडे दोनदा जाऊन आले. ते म्हणतात, पूल पडला, विषय संपला. नवीन हवा असेल तर नवी मोजणी लागेल. मी सुट्टी लागताच येते आणि स्वतः मोजते. तोवर रुळांवर पाय ठेवू नकोस, शिवणकाकूंनाही जाऊ देऊ नकोस. हात जोडते.

ठकी

४ डिसेंबर

चि. ठकीस, आशीर्वाद.

तुझं पत्र मी काकूंना मोठ्याने वाचून दाखवलं होतं. हसल्या आणि म्हणाल्या, या गुडघ्यांनी एवढा वळसा कोण घालणार?

मंगळवारी सकाळी त्या कपड्यांचं गाठोडं घेऊन निघाल्या. गाडीने शिटी दिली. मी खिडकीतून ओरडले. त्यांना दोन्ही ऐकू आलं नाही. शिवलेले कपडे दुपारपर्यंत रुळांवर पडून होते, शेवटी मीच जाऊन गोळा केले.

तुझ्यावर माझा राग नाही, माझ्यावर आहे. मोजायला येऊ नकोस. काल दिवसभर बसून मी मोजलं, सरांना दे. या वेळी पोरं धरली, त्यांच्या आया धरल्या, म्हातारे धरले. दूध आणायला मी रूळ ओलांडले, तेव्हा मलाही धरलं. एकशे सदतीस झाले.

काकू असत्या तर एकशे अडतीस.

आई