साईट हलली, कुणालाही न कळता

ती. ताईस,

धाकट्या भावाचा (आज जरा ताठ मानेने केलेला) साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस म्हटलं की तू मुद्दाम चढतेस, अशी चहाडी भाऊजींनी फोनवर केली आहे. आम्ही इकडे ठणठणीत. मी तर जरा जास्तच. कारण ऐक. तुझ्या भावजयीची विणकामाची साईट मी जुन्या कंपनीच्या कॉम्प्युटरवरून उचलून नव्या कंपनीकडे नेली, आणि ती एक मिनिटसुद्धा बंद पडली नाही. पुन्हा वाच. एक मिनिटसुद्धा नाही!

चार वर्षांपूर्वीचा माझा पराक्रम तू विसरली नसशीलच (तू माझं काहीच विसरत नाहीस). तेव्हा साईट हलवताना मी ती सलग दोन दिवस बंद पाडली, आणि तिथे रोज विणकाम दाखवायला आणि गप्पा मारायला येणाऱ्या सहाशे बायका कंटाळून दुसरीकडे निघून गेल्या. ही नुसती अर्धवट विणलेला स्वेटर उसवत बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता जुनी कंपनी महिनाअखेरीला गाशा गुंडाळणार असं कळल्यावर ही एवढंच म्हणाली, "या वेळी कुणी जाणकार माणूस बोलवूया का?" ताई, नवऱ्याला याहून जास्त लागेल असं काही असतं का गं?

मग मी इरेला पेटलो. नऊ वर्षांचे फोटो, नमुने आणि भांडणं (बाह्यांच्या मापावरून तूही त्यात असतेस, मी बघतो) सगळ्याची नव्या जागी नक्कल केली. पत्ता बदलल्याची बातमी जगभर पोचायला एरवी दिवस जातो, तो वेळ आधीच पाच मिनिटांवर आणून ठेवला. नवी साईट चालते का ते गुपचूप बघावं म्हणून नवा पत्ता फक्त माझ्या कॉम्प्युटरला सांगितला. म्हणजे जगाला जुनी साईट दिसणार, मला एकट्याला नवी. झकास चालली. इतकी झकास की सोमवारी जेवताना मी जाहीर करून टाकलं, "झालं! हललो आपण!" आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

मंगळवारी ही म्हणते, मोज्याच्या टाचेचा फोटो टाकला त्याला चाळीस उत्तरं आली. मी बघतो तर ना टाच, ना उत्तरं. मी म्हटलं, तू टाकलाच नसशील. तिने फोन माझ्या नाकापुढे धरला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जगाला पत्ता सांगायचा राहूनच गेला होता! नव्या साईटवर चोवीस तास मी एकटाच राहत होतो, आणि बाकी सगळ्या जणी जुन्या घरी मजेत नांदत होत्या. ही इतकी हसली की हातातल्या सुया खाली पडल्या.

बरं, आता नक्कल शिळी झाली होती. ताजी करायला दहा मिनिटं हवीत, आणि तेवढ्या वेळात जी कुणी जुन्या जागी काही लिहील तिचं लिखाण तिकडेच राहणार. साईट तर बंद करायची नाही. मग या बायका दहा मिनिटं गप्प बसणार कशा? मी डोक्याला हात लावून बसलो. शेवटी (अक्कल तिची, बोटं माझी) बुधवारी सकाळी अकराला हिने पहिल्या पानावर लिहिलं: सगळ्यांनी सुईवरचे टाके मोजा, आणि पूर्ण मोजून झाल्यावरच आकडा लिहा. आता टाके मोजणारी बाई घराला आग लागली तरी बोलत नाही, कारण बोलली की पुन्हा एकपासून. साईटवर शुकशुकाट! मी नक्कल संपवली, जुन्या साईटला बजावलं की यापुढे येईल ते सगळं नव्या जागीच लिहायचं, आणि मग आठवणीने जगाला पत्ता दिला. अकरा वाजून बारा मिनिटांनी पहिला आकडा आला, दोनशे चौदा. नव्या जागी! मी खुर्चीवरून उठून अक्षरशः नाचलो. हीपण नाचली. एक बाई गेली नाही, एक ओळ हरवली नाही.

भाऊजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. काम इतकं बिनबोभाट झालं की कुणाला पत्ताच लागला नाही. साईट बंद पडली तेव्हा सगळ्यांनी मला नावं ठेवली, आणि चालू राहिली तर एकीने हूं की चूं केलं नाही. तू सहज लिहिशील का, "हल्ली साईट छान पळते, कुणी हलवली वाटतं?" माझं नाव घालू नकोस. (कुणी विचारलंच तर घाल.)

आणखी ता. क. हे हिला कळू देऊ नकोस.

(यापुढचं अक्षर माझं, म्हणजे तुमच्या भावजयीचं.) ताई, पाकिटावर तिकीट लावायला ह्यांनी पत्र माझ्याकडेच दिलं. तुम्ही काही लिहू नका. मी बुधवारीच पहिल्या पानावर लिहिलंय, "माझ्या नवऱ्याने साईट हलवली, तुम्हाला कळलं तरी का?" खाली एकशे सत्तर शाबासक्या आल्यात. हे दिवसातून दोनशे वेळा साईट उघडतात. चालतेय एवढं बघतात आणि बंद करतात. वाचत नाहीत हो.