फाटक लावलं का?

प्रिय लेस्टर,

तुला आता मीही ओळखू येत नाही, म्हणून हे पत्र पाठवणार नाही.

चर्चची मंडळी यंदाही तंबू घेऊन लाल वाळवंटात निघाली. तंबूत झोपायला नको म्हणून मी तुझ्यासोबत कधी आले नव्हते. यंदा रांगेतली सगळ्यात मागची गाडी, तू चालवायचास ती, मी चालवली. गुरांच्या कुरणाचं फाटक ओलांडून सगळे थांबून राहिले.

गाड्यांमध्ये एकमेकांशी बोलायच्या रेडिओवर पुढच्या गाडीतून डोरीन म्हणाली, "अगं एनिड, फाटक शेवटच्यानं लावायचं. नाहीतर गुरं चहाला येतील तुझ्या तंबूत. लेस्टर 'लावलं, सगळे पार' म्हणायचा, मगच आम्ही हलायचो."

वृद्धाश्रमात तू रोज विचारतोस, "फाटक लावलं का?" मी म्हणायचे, "इथे कुठलं फाटक? झोप आता." देव मला क्षमा करो.

परतल्यावर सांगेन, "लावलं, लेस्टर. सगळे पार."

तुझीच,
एनिड