काट्याची सामाईक विहीर

कारखाना, श्रीगोंदा
संगणक विभाग (साखरेच्या गोदामाशेजारी, मुंग्यांसकट)
मंगळवार

ती. लंकाआत्या,

पायांवर डोकं ठेवतो. श्रीगोंद्याहून सावेडीपर्यंत जेवढं पोचेल तेवढं गोड मानून घे. तुझं बी.पी. कसं आहे? मामांचा गुडघा जिना चढू देतो का? आई-दादा मजेत. मी तर इतका मजेत, की कालपासून हसू थांबत नाही आणि भूक लागत नाही. फोन केला असता, पण तू निम्म्यातच "ठेवते रे, दूध उतू चाललंय" म्हणतेस, आणि ही हकिगत एका दुधात मावणारी नाही. म्हणून हे पत्र, कारखान्याच्या जीपच्या ड्रायव्हरच्या हाती.

तुला आठवत असेल, गेल्या हंगामात काट्यावरचा (म्हणजे उसाच्या गाड्या तोलतात तिथला) संगणक नऊ तास बसला. गाड्यांची रांग पार फाट्यापर्यंत. त्यात आपल्या जामखेडच्याच ऊसतोडीच्या टोळ्या, लेकुरवाळ्या बाया गाडीखाली सावलीला, ऊस वाळतोय, वजन घटतंय, आणि मी आत नुसती बटणं दाबतोय. ज्या रांगेत आई-दादांनी पंधरा हंगाम काढले तीच रांग गं! मला रडूच फुटलं. त्या भरात एमडीसाहेबांना शब्द देऊन बसलो, की पुढच्या हंगामात काटा थांबला तर राजीनामा. जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगीच नाही. आणि या गुरुवारी उसाची पहिली मोळी पडून हंगाम सुरू होतोय.

तर यंदा तीन यंत्रं घेतली. एकेका यंत्रात चार-चार संगणक नांदतात, एका भगताच्या अंगात चार देव यावेत तसे. एक भगत आडवा झाला की त्याचे देव दुसऱ्याच्या अंगात जायचे. पण त्यासाठी सगळ्यांच्या नोंदी एकाच डब्यात हव्यात, आणि तिघांचाही हात त्यात पोचायला हवा. हा डबा निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. महिनाभर डोकं खाजवलं. एक डबा फाईल मागितली की फाईल काढून देतो. दुसरा नुसती मोकळी जागा देतो, मांडामांड तुमची तुम्ही करा म्हणतो. तिसऱ्याला वेगळी वायर, वेगळी खोली आणि वेगळा माणूस लागतो (जावईच म्हण ना).

संचालकांच्या बैठकीत पुण्याच्या टायवाल्या विक्रेत्यानं साठ चित्रं दाखवली. अख्खं मंडळ डुलक्या घेत होतं. मी उठलो आणि म्हणालो, ही तीन यंत्रांची सामाईक विहीर समजा. माझी मती फिरली होती, दुसरं काय! सामाईक विहिरीपायी सख्खे भाऊ एकमेकांच्या पोरांच्या लग्नाला जात नाहीत, आणि तिथं मी हा शब्द काढला. मंडळ खडबडून जागं झालं. पाळी कुणाची? मोटार किती घोड्यांची? एकाची पाळी असताना दुसऱ्यानं चोरून उपसलं तर? (हा प्रश्न अगदी रास्त होता बरं का. दोघांनी एकदम हात घातला तर नोंदींचा चिखल होतो, म्हणून पाळी लावावीच लागते. टायवाल्याला हे साठ चित्रांत जमलं नव्हतं.) उपाध्यक्षांनी तर तिघांना तीन विहिरी देऊन भांडण मिटवा असं सुचवलं. शेवटी इतिवृत्तात लिहिलं गेलं, की सदर विहिरीत कोणाही संचालकाचा अथवा त्यांच्या वारसांचा हिस्सा राहणार नाही. आणि तीनपैकी तो मोकळ्या जागेचा डबा मंजूर झाला.

तेवढ्यात सगळ्यांत जुने संचालक भिमाजीआण्णा म्हणाले, "समदं खरं. पर हीर आटली तर रं?" टायवाला हसून म्हणाला, ती आटतच नाही. आण्णा म्हणाले, "आमच्या आज्यालाबी पाणाड्यानं ह्येच सांगितलं हुतं."

काल सोमवारी चाचणी झाली. नारळ फुटला. मी एका यंत्राची वायर ओढली आणि तीन मिनिटांत त्याचे देव शेजारच्या अंगात! काटा पुन्हा चालू, टाळ्या, पेढे. आण्णांना हे इतकं आवडलं, की "मलाबी एक वढू दे" म्हणत त्यांनी नेमकी डब्याचीच वायर उपटली. तिन्ही भगत ठणठणीत उभे, अंगात देव एकही नाही. आण्णा वायर हातात धरून म्हणाले, "बघ. आटली." मला असं हसू फुटलं की मी खालीच बसलो. एमडीसाहेबांना वाटलं मला चक्कर आली. त्यांनी सरबत मागवलं. हसता हसताच मी सांगून टाकलं, काळजी नको, दुसरी विहीर आहे. सगळे खूश होऊन घरी गेले.

बाकी सर्व क्षेम. मामांना नमस्कार.

तुझा लाडका (आणि आज तरी नोकरीत असलेला)
अजिनाथ

ता. क. डबा काही उठला नाही. वायर बदलली, फुंकर मारली, मारुतीला तेल वाहिलं. सहा हजार शेतकऱ्यांच्या ऊसनोंदी त्यात अडकल्यात. त्या मिळाल्या नाहीत तर गुरुवारी काट्यावर आलेली गाडी कुणाची हेच कळणार नाही, आणि मी घरी.

आणखी ता. क. दुसरी विहीर तुझ्याकडे आहे. भाऊबीजेला दादांबरोबर आलो तेव्हा तुझ्या टीव्हीमागे 'वायफाय वाढवायचा डबा' म्हणून जो ठेवून गेलो, तोच. इथल्या नोंदींची नक्कल रोज तुझ्या इंटरनेटवरून त्यात उतरते. (मालिका अडखळते म्हणून मामा ज्या कंपनीला शिव्या घालतात, ती कंपनी मी.) खोटं बोललो, चुकलो, दोन थोबाडीत मार, पण तो डबा गोधडीत गुंडाळून ड्रायव्हरपाशी दे.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवतोय तोच दादांचा फोन आला. तू मामांसकट शुक्रवारी सकाळपासून जामखेडला माहेरी आहेस आणि निघताना घराचा मेन स्विच पाडून आलीस म्हणे! म्हणून जीप आता आधी जामखेडला पाठवतोय. ड्रायव्हरपाशी सावेडीच्या घराची किल्ली दे. स्विच शुक्रवारी पडला, म्हणजे डब्यात गेल्या गुरुवारपर्यंतच्या नोंदी आहेत, एवढ्यावर काटा सुरू होईल, मी वाचलो. शुक्रवारपासूनच्या तेवढ्या गेल्या. रोजच्या यादीचा कागद काढून पाहिला, तर त्यानंतर एकच नोंद झाली होती, शनिवारची, पंधरा एकरांची. भिमाजीआण्णांची.