चंदाच्या भिंतीजवळची दुसरी फुली

सोमवार, ३ फेब्रुवारी
नवा रस्ता शेजारच्या चंदाच्या दारापर्यंतच! गल्लीत शेवटचं घर आमचं, आणि मंजुरी तिच्या भिंतीशी येऊन संपली. पाण्याची नवी लाइनही तिथवरच. म्हणजे तिला सिमेंटचा रस्ता आणि दारात गोडं पाणी. मला तीच माती, हापशीचा तोच खारट हंडा. दारातला शेवंतीचा वाफा त्या पाण्याने यंदाही पिवळा पडलाय.
हे म्हणतात, "पुढच्या टप्प्यात होईन." यांना सगळंच पुढच्या टप्प्यात चालतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
आमच्या तेल्हाऱ्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चंदाने फोटो टाकला — जेसीबी, खड्डा आणि पुढे ती स्वतः, जांभळी साडी नेसून! खाली लिहिलं, "आपल्या गल्लीचा विकास". सत्तेचाळीस अंगठे. मी दिला नाही. मग दिला. न दिलेला लोकांना दिसला असता.

शनिवार, ८ फेब्रुवारी
देवीदास मुकादमाने घरोघरी चुन्याच्या फुल्या मारल्या. जिथे फुली, तिथे नळाचा पाइप. आमच्याखेरीज प्रत्येकाला एक. चंदाला दोन! एक दारासमोर, दुसरी आमच्या सामाईक भिंतीला लागून. दोन नळ कशाला गं बाई? तिच्या मोगऱ्याला पाजायला! मुकादम दिवसातून दोनदा तिच्याकडे चहा पितो, ते फळलं म्हणायचं.
वर मला भिंतीवरून हसून म्हणते, "आता मजा हाय आपली!"
आपली म्हणे! जळत्यावर तेल ओतावं तर असं. मी ताट घासत राहिले.

रविवार, ९ फेब्रुवारी
केलं.
सकाळी सडा टाकताना बादली जरा जास्तच हिंदकळली. शेणाचं पाणी थेट त्या दुसऱ्या फुलीवर. वरून खराटा फिरवला, तीनदा. चुना गेला. चंदाच्या खिडकीला पडदा होता. कुणी विचारलंच तर काय, सडाच तर टाकला! पण दिवसभर मी भिंतीकडे फिरकले नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी
सकाळीच देवीदासचा आरडाओरडा. "दुसरी फुली कुठी गेली?" मी दाराआड. चंदा बाहेर आली, भिंतीजवळच्या सड्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "राहू द्या भाऊ. एकच करा."
बस्स, एवढंच! चोरी उघडी पडली की माणूस असाच गप्प होतो. आज दोन भाकरी जास्त गेल्या.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
सिमेंट पडलं. आता पाच वर्षं कुणी खोदायचं नाही, देवीदास बजावून गेला. चंदाने फोटो टाकला नाही. हार गुंफायला ओट्यावर येते रोज, तीही चार दिवस आली नाही. एका नळासाठी एवढं फुगायचं?

मंगळवार, १८ फेब्रुवारी
जेवताना मी सहज म्हटलं, दोन नळ हवे होते महाराणीला. हे म्हणाले,
"अवं, दुसरा आपला होता!"
आमच्याकडे लाइन येत नाही म्हणून चंदा रोज चहा पाजून मुकादमाच्या मागे लागली होती. तिच्या अंगणातून, भिंतीखालून पाइप आमच्या दारात येणार होता.
"फुली मारली त्याच दिवशी चंदा वयनीनं मले सांगतलं होतं. तुले सांगाचं राह्यलं. मंग ती म्हणे, साधनाले नको. मले वाटलं, तुमी दोघीनं ठरवलं असन."
राह्यलं!

बुधवार, १९ फेब्रुवारी
चंदाकडे गेले. सगळं कबूल करायचं ठरवूनच गेले होते. तीच आधी बोलली.
"मी पडद्यातून पायलं होतं, साधना. माह्या अंगणातलं पाणी तुले नको, तं मी कावून जबरदस्ती करू?"
तोंडाशी आलं होतं — हेवा होता गं, दुसरं काही नाही.
म्हणाले, "हो. नकोच होतं."