शुक्रवारसाठी एक चूक

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार.

तुमची आणि मामीची तब्येत कशी आहे? त्याकडे मी येतोच, पण आधी माझं दुखणं ऐका. आमच्या हॉस्पिटलात शिकाऊ डॉक्टरांना रुग्णाची सुरक्षितता शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. विषयाचं सार एवढंच की चूक झाली तर लपवू नका, लगेच सांगा, म्हणजे दुसरा तीच करणार नाही. त्यासाठी वॉर्डाबाहेर मी एक पेटी लावली. कुणी रागावणार नाही, फक्त आपली चूक लिहून टाका, असं दहादा बजावलं. दोन महिन्यांत तीन चिठ्ठ्या निघाल्या. एक कँटीनच्या चहाबद्दल, दुसरी पेटी डोक्याला लागते म्हणून, आणि तिसरी मी तासाला उशिरा येतो म्हणून (सात मिनिटं, तीही एकदाच).

शेवटी वैतागून भर वर्गात बोलून बसलो, की येत्या शुक्रवारी मीच माझी एक चूक सगळ्यांसमोर सांगेन. पोरांनी पहिल्यांदाच वह्या उघडल्या. तेव्हापासून, मामा, मी चूक शोधतोय. वीस वर्षांत काय कमी झाल्या असतील? पण हातात घ्यावी ती निसटते. एक नीट पाहिली तर भूलतज्ज्ञाची निघाली, दुसरी नर्सची, तिसऱ्यात तर पेशंटच आडमुठा होता. (शिवाय चूक अशी हवी की पोरं शिकतील, पण माझी अब्रू शाबूत राहील.) एक शिकाऊ मुलगी रोज जिन्यात गाठून विचारते, "सर, सापडली का?" जणू माझा चष्माच हरवलाय. शुक्रवारी रिकाम्या हाताने गेलो तर त्या पेटीत पुन्हा कुणी काही टाकणार नाही, आणि उद्या कुणाच्या जिवावर बेतलं तरी ते दबूनच राहील. याची मला खरोखर धास्ती वाटते.

मामीला नमस्कार सांगा.

तुमचा,
भाचा

ता. क. फोनवर तुम्हाला बीपीची गोळी सकाळ-संध्याकाळ सांगितली, ती फक्त सकाळीच घ्यायची होती. आज संध्याकाळची घेऊ नका. पत्र आणणारा ड्रायव्हर थांबेल, त्याच्याबरोबर लगेच या, मी स्वतः तपासतो. (मघाशी फोन केला होता, पण मामीने उचलला, म्हणून तिच्या गुडघ्यांची चौकशी करून ठेवला.)

ता. क. २. हीच चूक शुक्रवारी सांगू का? तुमचं नाव घेणार नाही.

ता. क. ३. तुम्हाला हल्ली येते ती चक्कर वयामुळे आहे, असं मी मामीला छातीठोकपणे सांगितलं होतं. तिला खरं काय ते तुम्हीच सांगा. वर्गापुढे मी उभा राहीन, मामीपुढे तेवढे तुम्ही राहा.