डोळ्यातल्या सुजेचा आकडा

मंगळवार, पवनी. दवाखाना लवकर बंद केला.

डावा डोळा अजून ठणकतो आहे. केशवचा अंगठा त्यावरून निघालाय असं वाटतच नाही.

केशव तळ्यावर मासे धरतो. त्याला युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आत सूज. मागच्या खेपेला आत तरंगणारे कण प्रकाशाच्या झोतात पाहून मी कार्डावर 'एक प्लस', म्हणजे कण थोडेच, सूज कमी, असं लिहिलं आणि औषध कमी केलं. पाहून? मोजले होते का मी? बाहेर रांग होती. आधीचाच आकडा उतरवला असेल.

नागपूरला मशीननं मोजलं तेव्हा सूज कितीतरी जास्त निघाली. तोवर डोळा गेला होता.

आज त्यानं गचांडी धरून माझं डोकं टेबलावर आपटलं. "तळ्यात मासोळीचं बीज सोडतो तं आमी वाटी वाटी मोजून सोडतो. अन् तू माह्या डोळ्यातलं अंदाजानं लिवलं?" मग अंगठा माझ्या डोळ्यावर दाबला. "किती दुखते? एक प्लस का तीन? आकडा सांग."

आकडा सुचेना. "लय दुखते," मी किंचाळलो.

"मी बी त्या दिवशी तुले हेच सांगतलं होतं," तो म्हणाला, आणि अंगठा काढला.