गार पाण्याची रेघ

२ मे १९९४
पोहोचलो एकदाचा! रत्नागिरीला पाच वर्षं समुद्राचं तापमान मोजून अंगाला मीठ फुटायचं बाकी होतं. आता मेढ्याच्या वर हे धरण, काठावर दोन खोल्यांचं क्वार्टर. काम तेच. उन्हाळ्यात किनाऱ्याजवळ कोमट पाणी वर आणि गार पाणी खाली राहतं, एकमेकांत मिसळत नाही. वादळ आलं की घुसळण होते, खालचं वर, वरचं खाली. धरणात वळवाने तसंच होतं का, ते बघायचंय. बायको प्रियदर्शनी आणि लेक अक्षता फलटणला माहेरी आहेत. पोरगी चार वर्षांची, पण बोटीत बसायचा हट्ट केवढा! येतीलच लवकर.

५ मे
नावाडी धोंडीबा तोंडाचा कडू आहे. बुडाचं पाणी कॅनमध्ये भरलं तर म्हणाला, "सायेब, वरचं पाणी आमचं, खालचं त्येंचं. मोजा आन् सोडून द्या. घरात नगा नेऊ." त्याचं जुनं गाव तळाशी आहे. पाणी चढलं तेव्हा काही म्हातारी माणसं घरातून उठलीच नाहीत म्हणे. वाईट वाटलं. पण कॅन आणलाच, नमुना तो नमुना.

९ मे
नळ आटला. गावात कळशीभर पाणी मागितलं तर "त्येंचं पाणी हाय की तुमच्या घरात" म्हणत बायांनी दारं लावून घेतली. पाहुण्याला पाणी न देणारं गाव आज पाहिलं! माझं डोकंच फिरलं. कॅन माठात ओतला आणि तांब्यावर तांब्या प्यालो. काय गार पाणी! धोंडीबा उंबऱ्यापर्यंत आला, माठ पाहून तसाच मागे फिरला. जाताना थुंकला.

१३ मे
बाहेर अंगाची लाही होतेय आणि घरात घोट्यापर्यंत गारठा. थर्मामीटर धरला. घोट्याखाली हिवाळा, वर मे महिना, मधे सरळ रेघ. हवेत असं होत नाही.

१६ मे
दोघी आल्या. अक्षता सारखी माठापाशी, तेच बुडाचं पाणी पिते. प्रियदर्शनीचा घसा धरतो, ती उकळूनच पिते. रेघ माझ्या गुडघ्याला आलीय. गावात कोणी बोलत नाही. अंगणात दगड पडले.

१९ मे
रेघ कमरेला. म्हणजे अक्षताच्या डोक्यावर. तिच्या वेण्या वर तरंगतात. घरात, वारा नसताना. खाटेवर ये म्हटलं तर म्हणाली, "आवं बाबा, हितं लय गार हाय. आजी न्हाई म्हणती वर जायाला." असं बोलणं आमच्या घरात कोणाचंच नाही. तिची आजी फलटणला आहे. मला भीती वाटतेय.
माठ फोडला. रेघ छातीला आली.

२० मे, सकाळ
तिला उचललं. रेघेच्या वर तोंड येताच ती मासळीसारखी तडफडली, ओठ निळे पडले. दाराबाहेरही तेच. परत खाली ठेवली तर हसली —
प्रियदर्शनी जीप आणायला मेढ्याला गेली. धोंडीबाला हाका मारल्या. पलीकडच्या काठावर उभा आहे. नुसता बघतोय.

दुपार
रेघ हनुवटीला. टेबलावर उभा राहून लिहितोय. खाली अक्षता कोणाचं तरी बोट धरून —

ढग आले. वळीव! हेच बघायला आलो होतो. थर मोडेल. खालचं वर येईल. माझी पोर वर येईल!

वारा. पत्रे उडाले. रेघ हलतेय —
तिच्या वेण्या खांद्यावर पडल्या. खोकली. श्वास घेतला! "बाबा" म्हणाली, नेहमीसारखं —

खालचं वर. मग वरचं —
माझे केस वर तरंगतायत —

प्रियदर्शनी, पोर दारात सोडतोय. उचल आणि जा. मला शोधायला आत